सोसणारीचा सन्मान

१८८१ साली सुरतेजवळच्या ओलपाडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर आपल्याच तान्ह्या बाळाचा जीव घेतल्याचा खटला चालला. आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. विधवेवर अशी वेळ कुणी आणली, हे विचारायचं सोडून वर्तमानपत्रांतून एकूण बायकांच्याच नीतीची चिरफाड सुरू झाली. ‘पुणे वैभव’मधल्या अशाच मजकुरानं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या आणि १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापून निघालं. ताराबाईंची रीत सरळ होती. कपटी, चंचल, अविचारी असे जे जे दोष छापील मजकुरात बायकांच्या माथी मारले जातात ते एकेक उचलायचे आणि विचारायचं, हे पुरुषांत नाहीत का? असतील तर त्याची शिक्षा एकटीलाच का? त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांची चित्रंही त्यांनी सोडली नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. बाकीचा महाराष्ट्र ते पुस्तक विसरून गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणलं.

मराठीतल्या माध्यमसमीक्षेची सुरुवात मी इथून धरते. छापलेल्या शब्दाचा बाईच्या आयुष्याशी काय संबंध असतो, हे ताराबाईंना सिद्धान्ताविना कळलं होतं.

त्यानंतर सिनेमा आला, आकाशवाणी आली, दूरदर्शन, केबल आणि आता हातातला मोबाइल. माध्यमांतल्या बाईच्या साचेबंद चित्रावर बोलायला बसलं की आपली चर्चा बहुधा अंगप्रदर्शनाकडे वळते: आयटम साँग, दारूच्या कंपनीचं कॅलेंडर, डिओडरंटची जाहिरात. तो प्रश्न आहेच. पण मराठी घरांत रोज संध्याकाळी सातपासून जे चित्र लागतं त्यातली बाई अंगभर पदर घेतलेली असते, देवापुढे दिवा लावत असते आणि तिचा मोठा सन्मान होत असतो. सन्मान कशाबद्दल, तर ती किती सोसते याबद्दल. मला हे दुसरं चित्र जास्त जड वाटतं. पहिल्यावर निदान बोट ठेवता येतं. दुसऱ्याविरुद्ध तक्रार करायला गेलं तर लोक विचारतात, यात वाईट काय दाखवलंय?

मराठी सिनेमाची सुरुवातच बाईविना झाली. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण कॅमेऱ्यापुढे यायला कुणी बाई तयार होईना. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत मराठी सिनेमा कुठवर पोचला हे पाहायचं असेल तर ‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७) पाहावा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. ती रडत बसत नाही, ती भांडते. नीरेचं काम केलेल्या शांता आपटे यांनी दोनच वर्षांनी करारावरून वाद झाला तेव्हा ‘प्रभात’च्याच फाटकात उपोषण केलं, आणि १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात नटीला कसं वागवलं जातं ते सांगून टाकलं. नीरेचा शेवट मात्र मला अजून सलतो. म्हातारा पश्चात्तापानं जीव देतो आणि नीरेला तिची सुटका त्याच्या मोठेपणाकडून मिळते. इतक्या धीट सिनेमालाही बाई आपल्या बळावर त्या घराबाहेर पडली असं दाखवणं जमलं नाही.

ते जमायला पंचेचाळीस वर्षं लागली. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन सुधारगृह चालवायला घर सोडून जाते, तिथल्या व्यवस्थेशी झगडून परत येते, तोवर नवऱ्यानं दुसरी बाई जवळ केलेली असते, आणि सुलभा पुन्हा निघते. तिला ना पश्चात्ताप होतो ना मरण येतं. ते दशकच धगधगतं होतं. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ गावोगाव फिरू लागलं, त्याच वर्षी कायद्यात कलम ४९८अ आलं, विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादक होत्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. या सगळ्याच्या शेजारी, त्याच महाराष्ट्रात, तिकीटबारीवर चालत होते ‘लेक चालली सासरला’ आणि तत्सम चित्रपट. १९९१ मध्ये विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला आणि त्यानं गर्दीचे उच्चांक मोडले.

‘माहेरची साडी’वर हसणं सोपं आहे, आणि शहरी समीक्षकांनी ते भरपूर केलं. बाप मुलीला पांढऱ्या पायाची समजतो, सासरी तिचा छळ होतो, ती सगळं निमूट सोसते आणि शेवटी मरते. पण अलका कुबल यांच्या लक्ष्मीसाठी ज्या बायका थिएटरात ढसढसा रडल्या त्यांना वेडं ठरवायचं धाडस मी करणार नाही. हुंड्यापायी जळालेल्या मुली ज्या काळात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत उरकल्या जात होत्या, त्या काळात तीन तास कुणीतरी त्यांचं दुःख मोठ्या पडद्यावर मांडत होतं. घरात जे रडता येत नव्हतं ते तिथे रडता येत होतं. अडचण पुढची आहे. सिनेमा या दुःखाला न्याय द्यायचं सोडून त्याला पावित्र्य देतो. लक्ष्मीनं उलट उत्तर दिलं असतं, पोलिसांत गेली असती, निदान माहेरी निघून आली असती, तर ती प्रेक्षकांची लाडकी राहिली असती का? तिची सगळी पुण्याई सोसण्यात होती. रडून बाहेर पडलेली सासू घरी जाऊन सुनेकडे त्याच मापानं पाहणार असेल, तर त्या अश्रूंनी सुनेच्या पदरात काय टाकलं?

मालिकांकडे वळताना एक गोष्ट आठवावीशी वाटते. मराठी मालिकांची सुरुवात अशी नव्हती. दूरदर्शनवरची ‘दामिनी’ पत्रकार होती. ‘अल्फा मराठी’वर १९९९ ला सुरू झालेल्या ‘आभाळमाया’तली सुधा जोशी प्राध्यापक होती, तिच्या नवऱ्याचं पाऊल घसरतं तेव्हा मालिका तिच्या विचारांना, तिच्या नोकरीला, तिच्या मुलींशी असलेल्या नात्याला वेळ देते. मग २००० च्या जुलैत हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि तिनं दाखवून दिलं की एकच घर, एक सासू, एक सून आणि एक कटकारस्थानी बाई एवढ्या भांडवलावर वर्षानुवर्षं धंदा होतो. मराठी वाहिन्यांनी तो धडा गिरवला. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली.

साचा का पडतो याचं उत्तर बरंचसं या धंद्याच्या रचनेत आहे. रोजचा एपिसोड म्हणजे जाहिराती वगळून बावीसेक मिनिटं, आठवड्याला सहा भाग, कधी महाएपिसोड. बँकिंग, म्हणजे पुढच्या भागांचा साठा, बहुतेक वेळा तोकडाच. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’चे आकडे येतात. टीआरपी घसरला की वाहिनीचे क्रिएटिव्ह लेखकाला ट्रॅक बदलायला सांगतात. प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता, मुलाचा अभ्यास घेता घेता पाहणार हे गृहीत धरलेलं असतं, म्हणून पडद्याकडे एक नजर टाकली तरी कोण चांगली आणि कोण वाईट ते कळलं पाहिजे. साडी, मंगळसूत्र, लांब केस म्हणजे चांगली. मोकळे केस, गडद लिपस्टिक, इंग्रजी शब्द, स्वतःचा पगार म्हणजे घर फोडणारी. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिका आणि शनाया या दोघी पहिल्या प्रोमोपासून अशाच वाटून दिल्या होत्या. जाहिरातदार विकतात ते साबण, मसाले, तेल, भांडी घासायची पावडर. त्यांना हवी असते घर चालवणारी बाई, आणि त्या बाईला रोज सांगितलं जातं की घर चालवणं हेच तिचं मोठेपण. या मालिका लिहिणाऱ्यांत बायकांची संख्या चांगली आहे. त्यांच्यापैकी अनेकींना हे सगळं माझ्याहून जास्त कळतं. पण गुरुवार त्यांच्या हातात नसतो.

याचा सगळ्यात बोलका दाखला ‘स्टार प्रवाह’वरची ‘आई कुठे काय करते’. बंगाली ‘श्रीमयी’वरून बेतलेली ही मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरापर्यंत चालली. पंचवीस वर्षं राबलेल्या अरुंधतीला लग्नाच्या वाढदिवसालाच कळतं की नवऱ्याचं ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण आहे. इथपर्यंत ओळखीची गोष्ट. पण मग ती घटस्फोट घेते, घराबाहेर पडते, गाण्यात स्वतःची वाट काढते, पुढे दुसरं लग्न करते. मधुराणी प्रभुलकर यांनी हे सगळं इतकं संयत केलं की माझ्या ओळखीच्या साठीतल्या बायका फोनवर अरुंधतीबद्दल शेजारणीसारखं बोलायच्या. मराठी मालिकेत मध्यमवयीन बाईचा असा प्रवास दिसणं ही खरी मिळकत होती. पण मालिका पाच वर्षं ओढायची होती. म्हणून अरुंधती घर सोडूनही त्या घरातल्या प्रत्येक भांडणात परत येत राहिली, सुटलेल्या नवऱ्याच्या आईवडिलांचं, मुलांचं, सुनांचं बघत राहिली, आणि शेवटी दुसरा नवराही मरण पावला. तिला सुखानं आपल्या खोलीत बसून रियाज करताना दाखवलं तर एपिसोड कशावर चालणार? बाईचं सुख कथेला पुरत नाही, असा या धंद्याचा पक्का समज आहे. त्या समजाची किंमत पाहणाऱ्या बाईला मोजावी लागते. घटस्फोट घेतलेली बाईही अखेर सगळ्यांचं करत राहिली तरच ती चांगली, एवढंच तिच्यापर्यंत पोचतं.

‘अग्गंबाई सासूबाई’नं सासूचं लग्न लावलं, तेही थाटात. ‘रंग माझा वेगळा’नं सावळ्या सुनेची गोष्ट सांगितली. ही पावलं मी मोलाची मानते. मात्र रंगाच्या भेदाविरुद्धच्या त्या गोष्टीत सावळ्या दीपासाठी गोऱ्या अभिनेत्रीलाच मेकअपनं सावळं केलं गेलं. महाराष्ट्रात सावळ्या मुली अभिनय करत नाहीत का?

‘होम मिनिस्टर’बद्दल माझं मत दोन बाजूंनी ओढलं जातं. २००४ च्या सप्टेंबरात सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे अठरा वर्षांच्या आसपास चालला. आदेश बांदेकर चाळीत, फ्लॅटमध्ये, वाड्यावर गेले आणि आजवर जिला कुणी काही विचारलं नव्हतं अशा बाईला कॅमेऱ्यापुढे बसवून बोलतं केलं. सासूच्या देखत नवऱ्याची खोड सांगताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जे यायचं ते खरं होतं. सांगली-जळगावकडची बाई टीव्हीवर आपल्या बोलीत बोलली, हेही थोडं नाही. पण प्रश्न ठरलेले असत: लग्न कसं जमलं, उखाणा घ्या, नवऱ्याला काय आवडतं. तिथे ती कायम कुणाची तरी वहिनी होती, आणि जिंकली की पैठणी. ‘महा मिनिस्टर’ पर्वात तर अकरा लाखांची. त्या घरात येऊन तिच्या नोकरीबद्दल, तिच्या नावावर काय आहे याबद्दल कुणी विचारलं असतं तरीही ती तितकीच मोकळी बोलली असती असं मला वाटतं.

सिनेमात अलीकडे वारं थोडं फिरलंय. ‘सैराट’ची (२०१६) आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मारामारीत पुढे होते. ‘झिम्मा’ (२०२१) आणि ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) पाहायला बायका घोळक्यानं गेल्या आणि दुसऱ्यानं कोट्यवधींचा धंदा केला. बायकांचे सिनेमे चालत नाहीत, हे वितरकांचं जुनं पालुपद त्यानंतर तरी बंद व्हायला हवं. हिंदीचं चित्र अजून एकांगी आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत लक्ष्मी लिंगम यांच्या गटानं २०१९ चे गाजलेले हिंदी चित्रपट तपासले, तेव्हा त्यातली ७२ टक्के पात्रं पुरुषांची निघाली आणि बायकांची २६ टक्के.

जाहिरातींचं तंत्र आणखी बारीक. ‘सर्फ’च्या ललिताजी भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या; बाईची हुशारी घरखर्चात मोजली जायची. २०१४ ची ‘एअरटेल’ची जाहिरात बघा. ऑफिसात बॉस असलेली बाई हाताखालच्या माणसाला उशिरापर्यंत बसायला लावणारं काम देते. घरी जाते, स्वयंपाक करते आणि व्हिडिओ कॉल लावून त्यालाच ताट दाखवते, कारण तो तिचा नवरा असतो. बाईला बढती दिली, पण ओट्यापासून सुट्टी दिली नाही. भारतातल्या वेळ-वापराच्या सरकारी पाहणीत (२०१९) घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवत होत्या आणि पुरुष ९७. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष होते चारांतला एक. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं थोडी घटून २८९ झाली. त्या जाहिरातीनं हे वास्तव निर्माण केलं नाही. तिनं त्याला गोड संगीत दिलं.

रंगाचा व्यवहार तर अर्धशतकाचा. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ ची. गोरी झाली म्हणून मुलीला नोकरी लागली, अशा जाहिरातींवर अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रार लावून धरली तेव्हा २००३ मध्ये त्या मागे घेतल्या गेल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेनं गोरेपणाच्या उत्पादनांसाठी नियम केले. २०२० मध्ये क्रीमच्या नावातला गोरेपणा गेला आणि ‘शादी डॉट कॉम’नं वर्णाची चाळणी काढून टाकली. तरी युनिसेफ आणि जीना डेव्हिस संस्थेनं २०१९ च्या भारतीय जाहिराती तपासल्या तेव्हा त्यांतल्या बायकांपैकी ६६.९ टक्के गोऱ्या किंवा गव्हाळ-गोऱ्या निघाल्या, पुरुषांत हेच प्रमाण ५२.१ टक्के. ‘वधू पाहिजे’च्या रकान्यात गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष ही त्रयी आजही भेटते.

बातम्यांबद्दल मला अधिक राग आहे, कारण बातमी स्वतःला कल्पना म्हणवत नाही. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी वर्गातच जाळली गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. तीस वर्षांनीही मथळ्यात ‘एकतर्फी प्रेमातून’ असंच येतं. पेट्रोलची बाटली घेऊन वाट अडवणाऱ्याच्या कृत्याला बातमी पहिल्याच ओळीत प्रेमाचा आडोसा देते, आणि पुढच्या परिच्छेदात ती किती वाजता कुठे होती ते येतं. चौकशीची दिशा तिथेच ठरून जाते. बातमीत बोलतं कोण हेही पाहिलं पाहिजे. दर पाच वर्षांनी जगभर एकाच दिवशी होणाऱ्या जागतिक माध्यम-पाहणीत १९९५ साली बातम्यांत दिसणाऱ्या-बोलणाऱ्यांत बायका १७ टक्के होत्या, २०२० ला २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ अंक. महिलांच्या पुरवण्यांनी, ‘चतुरंग’, ‘सखी’, ‘मधुरिमा’ यांनी, बायकांना लिहायला जागा दिली हे खरंच. पण अर्थसंकल्पाच्या रात्री किंवा पाणीवाटपाच्या वादावर जाणकार म्हणून ज्यांना बोलावतात त्या खुर्च्या आठवून बघा.

आता परिणामांचा प्रश्न. लोक म्हणतात, बघणाऱ्याला कळतं की ही गोष्ट आहे. कळतंच. जॉर्ज गर्बनर यांनी अमेरिकेत अनेक वर्षांच्या कामातून मांडलं की टीव्ही एखाद्या दिवशी मत बदलून टाकत नाही. वर्षानुवर्षं पाहणाऱ्याला जग साधारण टीव्हीतल्यासारखंच असतं असं वाटू लागतं. शरीराबाबतचा सगळ्यात ठळक पुरावा फिजीचा. नद्रोगा भागात टीव्ही १९९५ ला पोचला. अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयी विकृत वृत्तीची लक्षणं दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणाऱ्या शून्यावरून ११.३ टक्के झाल्या. धष्टपुष्ट बाईला मान असलेल्या समाजात तीन वर्षांत हे घडलं. २००२ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी कॅनडात विद्यार्थिनींना साचेबंद जाहिराती दाखवल्या. त्यानंतर त्या गणिताचे प्रश्न टाळून भाषेचे सोडवू लागल्या. या धाटणीच्या प्रयोगांचे निकाल पुढे प्रत्येक वेळी तितके जोरकस आले नाहीत, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही.

आपल्या सगळ्या चर्चेला छेद देणारा अभ्यास मात्र भारतातला आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ या काळात गोवा, बिहार, हरियाणा, तमिळनाडूतली खेडी पाहिली. ज्या गावांत त्या काळात केबल आली तिथे मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, नवऱ्यानं मारणं रास्त मानणाऱ्या बायका कमी झाल्या, बाहेर जायची, खर्च करायची मोकळीक वाढली. त्या काळात केबलवर होतं काय? तर हेच सास-बहू. पुढे इतर अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर हरकती घेतल्या, त्यावर उत्तरंही आली. पण ब्राझीलमध्येही ‘ग्लोबो’ वाहिनीच्या मालिका जिथे पोचल्या तिथे बायकांना मुलं कमी होऊ लागल्याचं दिसलं, कारण पडद्यावरची कुटुंबं लहान होती.

मला यातून कळतं ते असं. हरियाणाच्या खेड्यातल्या बाईला दागिन्यांनी मढलेल्या त्या सुनेत आणखी काही दिसलं: ती फोन करते, गाडीत बसते, दिवाणखान्यात पुरुषांसमोर बोलते. म्हणजे जिथे वास्तव चित्राहून अरुंद आहे तिथे साचाही दार उघडतो. नाशिकच्या किंवा पुण्याच्या नोकरी करणाऱ्या मुलीच्या बाबतीत वास्तव चित्राच्या पुढे गेलेलं आहे, तिथे तोच साचा तिला मागे ओढतो. शिवाय हे चित्र तिच्या एकटीच्या डोक्यात राहत नाही. ते सासूच्या, नवऱ्याच्या, मुलाखत घेणाऱ्याच्या, ठाणे अंमलदाराच्या हातातलं माप होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) काही ना काही कारणानं बायकोला मारणं रास्त आहे असं म्हणणारे पुरुष ४४ टक्के होते, आणि बायका ४५ टक्के. सोसण्याला पुण्याई मानणारी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या समाजात हा आकडा पाहून मला नवल वाटलं नाही, वाईट मात्र फार वाटलं.

हे माप न्यायासनापर्यंत पोचतं. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणून तिची संमती होती असा तर्क त्यामागे होता. खरी पीडित कशी वागते याचं ठरीव चित्र तिथे पुराव्यासारखं वापरलं गेलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये, धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, लिंगभावाच्या साचेबंद समजुतींविषयी न्यायाधीशांसाठी हस्तपुस्तिका काढली.

माध्यमांसाठी कायदा आहे तो १९८६ चा, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा. त्याची नजर शरीरावर आहे. सोसणारी, पदर घेतलेली, रोज अपमान गिळणारी बाई त्याच्या कक्षेतच येत नाही. तिथे कायदा आणावा असं मी म्हणणार नाही. सेन्सॉरच्या कात्रीला आणखी कामं द्यायला माझा विरोध आहे. जाहिरात मानक परिषदेनं जून २०२२ मध्ये केलेले नियम मला जास्त शहाणपणाचे वाटतात. बाई घर साफ करताना दाखवायला त्यांची हरकत नाही. घरभर पसारा सगळ्यांनी करायचा आणि तो तिनं एकटीनं आवरणं हेच योग्य असं सुचवायला आहे. पण हे नियम जाहिरातींपुरते आणि स्वयंनियमनाचे. जाहिरात संपून मालिका सुरू झाली की तेच दृश्य मोकळेपणानं चालतं.

आणि जिचं चित्रच नाही तिचं काय? ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांतल्या तीन शेतीत आहेत. मराठी मालिकांत शेत येतं ते बहुधा पाटलांच्या वाड्याच्या मागे हिरवा पडदा म्हणून. बीडहून दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे जाणारं ऊसतोडीचं जोडपं मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून लागतं. उचल मिळते ती नवऱ्याच्या हाती. बाई पहाटे उठून भाकरी थापते, मग फडात जाते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत भरते. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, संसर्ग झालेला असताना काम सोडून बसता येत नाही, म्हणून तिशी न ओलांडलेल्या बायकांनीही गर्भपिशवी काढून टाकली. हे २०१९ मध्ये पत्रकारांनी लिहिलं, बायकांनी स्वतः कॅमेऱ्यापुढे सांगितलं, विधान परिषदेत प्रश्न आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्या वर्षापर्यंत या बायकांनी हे सगळं निमूट सोसलं होतं आणि त्याबद्दल त्यांचा कुणीही सन्मान केला नव्हता. त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा बातमी झाली, आणि बातमी झाली तेव्हा खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियांचा हिशेब द्यायची वेळ आली.